घाम न येणारं ऊन: नाताळात सिडनीला निघालेल्या काकूंना उत्तर

साताऱ्याच्या एका काकूंचा प्रश्न आहे. त्या ६३ वर्षांच्या, काका ६८ चे. १८ डिसेंबरला पहिल्यांदाच सिडनीला मुलाकडे निघालेत, १० जानेवारीला परत. मुलाचं घर पश्चिम सिडनीत, ब्लॅकटाऊनच्या बाजूला. नात पाच वर्षांची. काकांना मधुमेह आणि ब्लडप्रेशर. काकू लिहितात, "नाताळ म्हणजे थंडी, म्हणून स्वेटर, शाली, लोकरीचे मोजे भरले होते. मुलगा म्हणतो सगळं काढा, इथे उन्हाळा आहे. पण आम्ही साताऱ्याचे मे महिने काढलेली माणसं, उन्हाचं आम्हाला काय नवल? तरी आणखी काय सांभाळायचं ते सांगा."

काकू, मी मूळची सांगलीची. गेली एकोणीस वर्षं सिडनीच्या एका सरकारी रुग्णालयात इमर्जन्सी विभागात नर्स आहे आणि त्यातले बरेचसे नाताळ ड्यूटीवर काढलेत. त्यामुळे २५ डिसेंबरच्या दुपारी आणि संध्याकाळी आपल्याकडची कोणती माणसं कशानं आजारी होऊन येतात, ते मला जवळून माहीत आहे. तुमचं एक वाक्य वाचून लिहायलाच बसले: "उन्हाचं आम्हाला काय नवल." अगदी हेच म्हणणारी माणसं आमच्याकडे येतात.

आपल्याकडे ऊन आणि उकाडा जोडीनं येतात. साताऱ्यात मे महिन्यात दुपारी बारा वाजता अंगणात पाऊल टाकलं की अंगाची लाही होते, घाम फुटतो, आणि कुणी सांगायच्या आत आपण सावलीत पळतो. शरीरच बजावतं. सिडनीत समुद्राकाठी ऊन एकटं येतं. डिसेंबरात तिथलं दुपारचं सरासरी तापमान २५-२६ अंश असतं, म्हणजे आपल्या डिसेंबरातल्या दुपारपेक्षा जास्त नाही. वर समुद्राचा गार वारा. घाम नाही, चटका नाही, बसावंसं वाटतं. आणि त्याच वेळी अतिनील किरणांचा निर्देशांक, ज्याला तिथे सगळे 'यूव्ही' म्हणतात, तो ११-१२ वर असतो. ३ किंवा त्याच्या वर गेला की अंग झाका असं सांगतात, आणि ११ पासून पुढे 'एक्स्ट्रीम' ही सगळ्यात वरची पायरी. थर्मामीटर आणि यूव्ही यांचा एकमेकांशी संबंध नाही, ही एक गोष्ट मनात पक्की बसली तर माझं निम्मं काम झालं. इतकं कडक ऊन असायला कारणंही आहेत. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते, त्यामुळे दक्षिणेकडच्या उन्हाळ्यात पोचणारं ऊन जुलैतल्या उत्तरेकडच्या उन्हापेक्षा जवळजवळ ७ टक्के जास्त. शिवाय हवेत धूळ-धूर कमी, सूर्य डोक्यावर.

माझे सासरे पहिल्यांदा आले तेव्हाचं सांगते. डिसेंबरचा शेवट, थोडं ढगाळ, २३ अंश. आम्ही मॅनलीच्या किनाऱ्यावर गेलो. त्यांनी डोक्याला टोपी घातली, पूर्ण बाह्यांचा शर्ट, पँट, सगळं नीट. सकाळी दहा ते दोन बाकावर बसून समुद्र बघत होते, पायात कोल्हापुरी. रात्री म्हणाले, पायाला मुंग्या डसल्यासारखं होतंय. बघते तर दोन्ही पावलांवर चपलेच्या अंगठ्याचा आणि पट्ट्याचा फिकट ठसा, आणि बाकी सगळं काळपट, सुजलेलं, हाताला गरम. दुसऱ्या दिवशी फोड आले. नर्सच्या घरातला माणूस, आणि मला पावलं सुचली नव्हती. तेव्हापासून मी सगळ्यांना आधी पाय दाखवायला सांगते.

आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर ऊन लागल्याचं लाल दिसत नाही, म्हणून कळत नाही. कातडी ताणल्यासारखी वाटते, गरम लागते, खाजते, आणि दोन दिवसांनी काळी पडून सोलते. काकू, तुम्हाला खास सांगते: भांग, ब्लाउजच्या मागच्या गळ्याची उघडी पाठ, कानांच्या पाळ्या आणि पावलं, या चार जागा बायका हमखास विसरतात. नुसता पातळ सुती पदर डोक्यावर घेऊन भागत नाही, उन्हाकडे धरून बघा, आरपार दिसतं. रुंद काठाची टोपी घ्या, काठ निदान साडेसात सेंटिमीटर हवा. आपली काळी छत्रीही उत्तम. तिथे उन्हात कुणी छत्री धरत नाही म्हणून लाजू नका.

सनस्क्रीन इथून नेऊ नका, तिथे किराणा दुकानातही मिळतं. पुड्यावर ५०+ लिहिलेलं घ्या. बाहेर पडण्याआधी वीस मिनिटं लावायचं आणि दर दोन तासांनी पुन्हा. आपण कोल्ड क्रीमसारखं बोटभर चोपडतो, तेवढ्यानं काही होत नाही. चेहरा, मान आणि कान मिळून एक चहाचा चमचा, प्रत्येक हाताला एक चमचा, असं माप आहे. ऑस्ट्रेलियात १९८१ पासून एका सीगल पक्ष्याचं चित्र असलेली मोहीम चालते, 'स्लिप, स्लॉप, स्लॅप': शर्ट चढवा, सनस्क्रीन लावा, टोपी घाला. तुमची नात ते गाणं म्हणून दाखवेल. तिच्या शाळेत टोपी नसेल तर मैदानावर खेळू देत नाहीत. पोरं या बाबतीत मोठ्यांपेक्षा शहाणी असतात, ती टोपी आणून देईल तेव्हा "असू दे गं" म्हणू नका.

घड्याळाचंही एक आहे. उन्हाळ्यात सिडनीचं घड्याळ एक तास पुढे करतात, आपल्यापेक्षा साडेपाच तास पुढे. त्यामुळे सूर्य डोक्यावर येतो तो बाराला नाही, एकच्या सुमाराला. "चार वाजले, उतरली उन्हं" असं म्हणून तुम्ही बाहेर पडाल, पण सूर्याच्या हिशेबानं ते तीनच असतात. डिसेंबरात साधारण सकाळी आठपासून संध्याकाळी पाच-साडेपाचपर्यंत अंग झाकायचं. पहाट मात्र तुमचीच आहे. पावणेसहाच्या आधी उजाडतं आणि जेट लॅगनं तुम्ही जागेच असाल. तेव्हाचं फिरणं फार सुंदर. सूर्य मावळतो आठनंतर, म्हणजे रोषणाई बघायला जाल तेव्हा साडेआठ-नऊशिवाय निघू नका. आपण सवयीनं सातला पोचतो आणि लख्ख उजेडात न पेटलेले दिवे बघून येतो.

हे झालं समुद्राकाठचं. मुलाचं घर पश्चिम सिडनीत, तिथली गोष्ट वेगळी. किनाऱ्यावर ३० असतं तेव्हा पश्चिमेकडे ३८-४० असू शकतं, कारण समुद्राचा वारा तिथवर पोचतच नाही. तिथल्याच पेनरिथमध्ये ४ जानेवारी २०२० ला ४८.९ अंश नोंदलं गेलं. असे दिवस रोज नसतात, पण तुमच्या तीन आठवड्यांत एक-दोन यायला हरकत नाही. हा उकाडा तुमच्या ओळखीचा, विदर्भातला कोरडा उकाडा. फरक घरांचा. आपल्या घरांना जाड भिंती असतात, खोलीखोलीत पंखा असतो. तिथली नवी घरं लाकडी सांगाड्याची, बाहेरून विटांचा एक थर, गडद कौलं, आणि कित्येक खोल्यांत पंखाच नाही. सकाळी आठच्या आत सगळ्या खिडक्या बंद करून पडदे ओढायचे आणि संध्याकाळी बाहेरची हवा गार झाली की उघडायच्या. आपली सवय उलटी, गरम झालं की खिडकी उघडा. चाळीस अंशांच्या दिवशी खिडकी उघडी ठेवलीत तर भट्टीचं दार उघडल्यासारखं होईल. एसीच्या बिलाची काळजी करून मुलगा-सून कामावर गेल्यावर तो बंद करून बसू नका. आमच्याकडे असे आजी-आजोबा येतात: घरात एसी असतो, पण "दोघांसाठी कशाला" म्हणून बंद.

अशा दिवसाच्या शेवटी कधी कधी दक्षिणेकडून वारा सुटतो. त्याला 'सदर्ली बस्टर' म्हणतात. दारं धडाधड आपटतात, आणि काही मिनिटांत तापमान दहा-पंधरा अंशांनी उतरतं. तो वारा अंगावर घेण्यासारखं सुख नाही. पण म्हणूनच एक स्वेटर बॅगेत ठेवा, मुलाला काही म्हणू दे. विमानात लागेल, आणि मेलबर्नला गेलात तर नक्कीच लागेल. २००६ च्या नाताळात मेलबर्नजवळच्या डोंगरांवर चक्क बर्फ पडलं होतं, भर उन्हाळ्यात. लोकरीचे मोजे मात्र काढा.

आता काकांविषयी, आणि हे जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त काळजी मला त्यांचीच आहे.

वय वाढलं की तहान उशिरा लागते. म्हणून तहानेची वाट बघायची नाही. दिवसभराचं पाणी भरलेली बाटली समोर ठेवा आणि संध्याकाळी ती रिकामी झालेली दिसली पाहिजे. नळाचं पाणी बिनधास्त प्या. तिथल्या दह्याचं ताक छान होतं, मीठ-जिरं घालून द्या. (डॉक्टरांनी मीठ किंवा पाणी मोजून घ्यायला सांगितलं असेल तर तेच पाळायचं.)

निघण्यापूर्वी साताऱ्यातल्या डॉक्टरांकडे गोळ्यांची पिशवी घेऊन जा आणि तीन गोष्टी विचारा. पहिली, ब्लडप्रेशरच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे का. गोळीच्या नावाशेवटी 'एच' किंवा 'एचसीटी' असेल तर बहुधा असतं. त्यानं अंगातलं पाणी आणि क्षार कमी होतात, आणि कातडीला ऊनही लवकर लागतं. दुसरी, मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू आहे का. आजकाल पुष्कळांना असते. या गोळीनं साखर लघवीवाटे जाते, सोबत पाणीही जातं. उलट्या-जुलाब झाले, जेवण गेलं नाही, तर ती काही दिवस थांबवावी लागते, नाहीतर रक्तात आम्ल वाढून माणूस गंभीर होतो, आणि गोम अशी की साखर फारशी वाढलेली दिसतही नाही. केव्हा थांबवायची, केव्हा पुन्हा सुरू करायची, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. तिसरी, इन्सुलिन घेत असतील तर साडेपाच तासांच्या फरकानं वेळ कशी सरकवायची. चालू असलेलं पेन ३० अंशांच्या खाली ठेवायचं. गाडीच्या खणात विसरलेलं इन्सुलिन टाकूनच द्यायचं. दिसायला ते बदलत नाही, पण त्याचा गुण गेलेला असतो.

आणि काकांचे पाय. बऱ्याच वर्षांचा मधुमेह असेल तर तळव्यांची संवेदना कमी झालेली असते. दुपारची वाळू, पोहण्याच्या तलावाकाठचं काँक्रीट, खेळाच्या मैदानातला तो काळा रबरी पृष्ठभाग, हे सगळं पाय भाजण्याइतकं तापतं. एका नाताळात एक गृहस्थ आले होते, नातवामागे अनवाणी वाळूत वीस-पंचवीस पावलं चाललेले. काही जाणवलं नाही. रात्री मोजे काढताना बायकोनं बघितलं, दोन्ही तळवे फोडांनी भरलेले. ते भरून यायला महिने लागले. तेव्हा पाण्याच्या काठापर्यंत पायात काहीतरी हवंच, आणि रोज रात्री तळवे तुम्ही स्वतः बघा, त्यांच्या "काही नाही झालं" वर विसंबू नका.

ऊन बाधलं तर ओळखायचं कसं? डोकं दुखणं, मळमळ, गळून जाणं, पोटऱ्यांत गोळे, खूप घाम: ही सुरुवात. सावलीत किंवा एसीत आणा, कपडे सैल करा, घोट घोट पाणी किंवा जलसंजीवनी द्या, मानेला-काखेत ओला टॉवेल ठेवा. तासाभरात बरं वाटायला हवं. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, चालताना तोल जायला लागला, अंग तापलंय आणि भान हरपतंय, तर घरगुती काही नाही. ०००, म्हणजे तीनदा शून्य, हा नंबर लावायचा आणि अँब्युलन्स येईपर्यंत अंगावर पाणी ओतून वारा घालायचा. इंग्रजी अडलं तर "अँब्युलन्स" आणि पत्ता एवढं पुरतं. पत्ता मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर आजच लावायला सांगा. भाजलेल्या कातडीवर तूप, हळद, टूथपेस्ट, बर्फ यातलं काहीही लावायचं नाही, वीस मिनिटं गार वाहतं पाणी.

औषधांचं आणखी एक. भारतातल्या डॉक्टरांची चिठ्ठी तिथल्या औषधदुकानात चालत नाही, त्यामुळे सगळ्या दिवसांची औषधं आणि वर पंधरा दिवसांची जास्त, मूळ पाकिटात, इंग्रजी चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत न्या. तीन महिन्यांपुरती नेता येतात. विमानात मिळणाऱ्या कार्डावर ती जाहीर करा. २४ डिसेंबर ते जानेवारीचा पहिला आठवडा बरेच दवाखाने बंद असतात किंवा अर्धा वेळ चालतात, हे तर खास लक्षात ठेवा. हेल्थडायरेक्ट म्हणून सरकारी फोनसेवा आहे, १८०० ०२२ २२२. चोवीस तास नर्स बोलते, काय करावं ते सांगते. आणि प्रवासविमा. भारतीय पाहुण्यांना तिथली सरकारी आरोग्ययोजना लागू नाही, रुग्णालयात एक रात्र राहायचं म्हटलं तरी रुपयांत लाखाच्या पुढे सहज जातं. विमा घेताना मधुमेह-ब्लडप्रेशर लपवू नका. पॉलिसीत 'आधीपासूनचे आजार' धरलेत का हे मुलाला वाचून बघायला सांगा. न धरलेली पॉलिसी हातात घेऊन आलेली माणसं बघून जीव तुटतो.

समुद्राबद्दल मी कुणाचंही ऐकत नाही, म्हणजे या बाबतीत मी कडक आहे. कोकणातल्या, गोव्यातल्या समुद्रात आपण गुडघाभर पाण्यात उभं राहतो, लाटा पायावर घेतो. सिडनीत तसंच करायला जातात. तिथे लाटेनं आलेलं पाणी परत आत जाताना एका पट्ट्यातून जोरात ओढलं जातं, त्याला 'रिप' म्हणतात. घोटाळा असा की तो पट्टा बघायला सगळ्यात शांत दिसतो: पाणी गडद, लाटा फुटत नाहीत. पोहता न येणारी माणसं लाटा टाळायला नेमकी तिथेच जाऊन उभी राहतात. ६ फेब्रुवारी १९३८ ला सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावर लागोपाठ आलेल्या लाटांनी अडीचशेच्या आसपास माणसं एका झटक्यात आत ओढली होती. जीवरक्षकांनी जवळजवळ सगळ्यांना काढलं, तरी पाच जण गेले. आणि अलीकडचं, जानेवारी २०२४ मध्ये मेलबर्नजवळ फिलिप आयलंडच्या फॉरेस्ट केव्ह्ज किनाऱ्यावर चार भारतीय बुडाले. तिथे जीवरक्षक नव्हते.

म्हणून, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पाण्यात जायचं. झेंडे नसतील तर पाण्यात नाही, पावलं भिजवायलाही नाही. साडी किंवा सलवार-ओढणी नेसून पाण्यात नाही: भिजलेली साडी पायांना गुंडाळते आणि पडलेल्या माणसाला उठता येत नाही. फोटो काठावर काढा, पाण्याकडे पाठ करून नाही. ओढले गेलातच तर काठाकडे झगडायचं नाही, त्यात दम संपतो. पाठीवर तरंगायचं, एक हात वर करायचा. पिवळी-लाल टोपी घातलेले स्वयंसेवक तुमच्याकडेच बघत असतात. ही जीवरक्षकांची संघटित परंपरा सिडनीत १९०७ पासूनची आहे. त्यात नोकरदार, विद्यार्थी, आजीबाई सगळे असतात आणि नाताळाच्या दिवशी घरचं जेवण सोडून ते फुकट उभे राहतात. जाता-येता त्यांना 'थँक यू' म्हणा. मला ती माणसं फार मोठी वाटतात.

नातीला पाण्याची हौस असेल तर मुलाला बाल्मोरलला न्यायला सांगा. बंदराच्या आत असल्यामुळे तिथे मोठ्या लाटा नाहीत, पोहायला जाळी लावलेली जागा आहे, आणि मोठमोठ्या झाडांची सावली. किंवा ब्राँटेसारख्या किनाऱ्यांवर खडकात बांधलेले समुद्राच्या पाण्याचे तलाव असतात, समुद्र खवळलेला नसेल तर ते चांगले. वाळूत निळ्या फुग्यासारखं, लांब दोरी असलेलं काही दिसलं तर हात लावू देऊ नका, ते ब्लूबॉटल. डंख झालाच तर धागे काढून टाका आणि सोसवेल इतक्या गरम पाण्यात वीस मिनिटं धरा. त्यानं आग थांबते. सिडनीच्या ब्लूबॉटलला व्हिनेगर नाही. उत्तरेला, केर्न्सकडे गेलात तर तिथली पेटीच्या आकाराची जेलीफिश जीवघेणी असते, नोव्हेंबर ते मे, आणि तिला मात्र व्हिनेगरच. तिकडे जाळीबाहेर पाण्यात उतरूच नका.

डोंगराकडे, ब्लू माउंटन्सला जायचा बेत असेल तर त्या दिवशीचा वणव्याचा इशारा बघून निघा. मॉडरेट, हाय, एक्स्ट्रीम, कॅटॅस्ट्रॉफिक अशा चार पायऱ्या आहेत. शेवटच्या दोन असतील तर जायचं नाही, तिकिटं काढली असली तरी. २०१९ च्या ३१ डिसेंबरला व्हिक्टोरिया राज्यातल्या मॅलकूटा गावात हजारो लोक वणव्यामुळे किनाऱ्यावर अडकले होते, त्यातल्या बऱ्याच जणांना नौदलानं बोटीतून बाहेर काढलं. त्यातली पुष्कळ सुट्टीला आलेली माणसं होती.

एवढं सगळं भीतीचं लिहिलं, आता नाताळाचं लिहिते, कारण तो तिथला खरोखर सुंदर सण आहे. त्यात थंडी नाही म्हणून काही उणं नाही. आपल्याकडे वसईत, गोव्यातही नाताळ बर्फाविनाच होतो: घराघरावर कागदी तारा, अंगणात गोठा, ताटात नेवऱ्या आणि दोदोल. तिथे दुकानांच्या काचांवर कापसाचं बर्फ असतं, पण घरातला सण उन्हाळ्याचा. जेवण बहुधा दुपारी, अंगणात किंवा बागेत. गार कोळंबी, थंड हॅम, सॅलड, आंबे, चेरी, आणि शेवटी पाव्हलोवा, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचा कुरकुरीत गोळा, वर साय आणि फळं. अंडं खात नसाल तर आधी विचारा. सिडनीच्या मासळी बाजारात नाताळाआधी सलग ३६ तास विक्री चालण्याची परंपरा आहे, पहाटे लोक बर्फाचे खोके घेऊन रांगेत. बागांमध्ये 'ख्रिसमस बुश' नावाचं झुडूप याच दिवसांत लाल होतं, गुच्छच्या गुच्छ फुलदाणीत लावतात. संध्याकाळी मैदानात चटया टाकून कॅरोल, म्हणजे नाताळाची गाणी, गायचे कार्यक्रम असतात. ही पद्धत १९३८ साली मेलबर्नला नॉर्मन बँक्स या रेडिओ निवेदकानं सुरू केली. आदल्या वर्षी नाताळात घरी जाताना खिडकीत मेणबत्ती लावून रेडिओवरच्या कॅरोलबरोबर एकटीच गाणारी एक म्हातारी बाई त्याला दिसली होती. तुमच्या भागातही मैदानातला कार्यक्रम असेल, जरूर जा, चटई आणि डासांचं मलम घेऊन.

शेजाऱ्यांनी बोलावलं आणि 'ब्रिंग अ प्लेट' म्हणाले तर रिकामी ताटली न्यायची नसते, काहीतरी करून न्यायचं असतं. किती मराठी घरांनी पहिल्या वर्षी कोरी प्लेट नेली आहे! कोथिंबीर वडी न्या, सगळ्यांना आवडते आणि उन्हात टिकतेही. दह्याची कोशिंबीर, पुलाव, कोळंबी, अंडं घातलेलं काही टेबलावर दोन तासांपेक्षा जास्त राहिलं तर परत फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, आणि चार तास झाले तर टाकून द्यायचं. आपल्याला अन्न टाकणं जड जातं, मला कळतं. पण २६ तारखेला जुलाब-उलट्यांची जी रांग लागते ती आदल्या दिवशीच्या उरलेल्या जेवणाची असते, आणि काकांना ते परवडणारं नाही.

फराळ नेताना पेढे, बर्फी, खव्याचं काहीही नको, विमानतळावर काढून घेतात. ताजा कढीपत्ता, फळं, बियाही नाहीत. चिवडा, चकली, मसाले न्या, पण कार्डावर 'खाद्यपदार्थ आहेत' यावर खूण करा. जाहीर केलेलं फार तर टाकून देतील, लपवलेल्याला दंड आहे.

२५ ला बाजार जवळजवळ पूर्ण बंद, दूध-भाजी २४ ला दुपारपर्यंत आणून ठेवा. २६ ला बॉक्सिंग डे, म्हणजे नाताळाच्या दुसऱ्या दिवशीची सुट्टी. दुपारी एक वाजता सिडनी बंदरातून होबार्टला शिडाच्या होड्यांची शर्यत निघते, १९४५ पासून चालू आहे, आणि मेलबर्नला कसोटी सामना. काकांना क्रिकेट आवडत असेल तर त्यांना २०२० चा तो सामना आठवत असेलच, आपल्या अजिंक्य रहाणेनं कर्णधार म्हणून ११२ धावा केल्या आणि भारत जिंकला. घरात एसीत बसून बघण्यासारखा दिवस.

३१ ची बंदरावरची आतषबाजी मात्र तुम्हा दोघांसाठी नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. चांगल्या जागा दुपारीच भरतात, म्हणजे आठ-दहा तास उन्हात, गर्दीत, स्वच्छतागृहाच्या रांगेत. नातीला रात्री नऊच्या लहान मुलांच्या आतषबाजीला आई-बाबा नेतील. तुम्ही टीव्हीवर बघा, नाहीतर घराजवळ काही कार्यक्रम असेल तर संध्याकाळी उशिरा जा.

आता बॅग. स्वेटर एक, शाल एक. मोकळ्या झालेल्या जागेत काकांचे पूर्ण बाह्यांचे दोन-तीन सुती सदरे, तुमच्या सुती साड्या किंवा पंजाबी ड्रेस, पाऊल पूर्ण झाकणारे हलके बूट दोघांसाठी, आणि ते साताऱ्यात महिनाभर घालून पायाला सरावलेले हवेत, नवे कोरे नकोत. जलसंजीवनीची पाकिटं. साखर तपासायचं मशीन आणि त्याच्या पट्ट्या मुबलक, इथल्या पट्ट्या तिथल्या दुकानात मिळतीलच असं नाही. आणि डॉक्टरांकडून गोळ्यांचा कागद लिहून आणलात की त्याचा फोटो सूनबाईंच्या फोनवर आजच पाठवून ठेवा.